तात्यांचा बिनस्क्रीनचा कॉम्प्युटर

रोहिणीचा फोन आला तेव्हा मी टेबलाखाली होते. सांगवीच्या आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटर वर्गात दोन नंबरच्या मशीनचा माउस चालेनासा झाला होता, म्हणून मागची वायर काढून पुन्हा बसवत होते. वर फोन वाजत राहिला. शेवटी वर्गातल्या एका बाईंनी तो उचलला आणि खाली वाकून माझ्या कानाला लावला. "शालनताई, मामा गेले," रोहिणी म्हणाली. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले, आन् तसंच..." मी ती वायर बसवली. नीट बसली का ते हातानं चाचपून पाहिलं. मग बाहेर आले आणि त्या बाईंना म्हणाले, "बघा बरं, चालतोय का." माउस चालत होता. मला रडू आलं ते त्यानंतर.

रोहिणी ही तात्यांची भाची. इंदापूरला असते, आणि तात्या शेवटचे दोन-अडीच महिने तिच्याकडेच होते. त्यांचं नाव बबनराव, पण त्या नावानं विचारलं असतं तर गावात कुणी घर दाखवलं नसतं. "तात्या वायरमन" म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. साखर कारखान्यात वायरमन म्हणून उभी हयात गेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसं पारावर बसून दुसऱ्यांच्या सुना मोजतात, तात्यांनी मात्र इंदापूरच्या एका शाळेनं मोडीत काढलेले चार कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले, वाचनालयाची मागची खोली मागून घेतली आणि ज्यांनी आयुष्यात माउस धरला नाही अशा मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. आज तो वर्ग मी चालवते. तात्यांवर लिहायचं म्हणून दीड महिना मी नुसती बसते आणि उठते आहे. कौतुक लिहायला हात अडत नाही. अडतो तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. तात्यांनी एक गुपित माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते चारचौघांत फोडलं. त्याबद्दल त्यांनी मला माफ केलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

मी वर्गात गेले ती रागानं. मुलीचा प्रवेशअर्ज भरायला बारामतीला एका दुकानात गेले होते. तिथल्या पोरानं जन्मतारीख चुकवली. मी म्हटलं, अरे, चुकलंय. तर तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं, तिकडं बसा." मी तिकडं बसले नाही. दुसऱ्या दिवशी भेंडी तोडून झाल्यावर तशीच, हाताला खाज सुटलेली असताना, तात्यांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तात्या, मला कॉम्प्युटर शिकवा." ते म्हणाले, "मग आधी मागं जा." मला वाटलं हाकललं. त्यांना म्हणायचं होतं, टेबलाच्या मागं जा.

पहिले तीन दिवस त्यांच्या वर्गात कॉम्प्युटर चालू व्हायचाच नाही. तुम्ही भिंत आणि टेबल यांच्या मधे शिरायचं, सीपीयूच्या पाठीतल्या सगळ्या वायरी काढायच्या, घमेल्यात टाकायच्या, कालवायच्या आणि परत बसवायच्या. करंटची जाड वायर, स्क्रीनची निळ्या तोंडाची आणि दोन स्क्रूंची, कीबोर्डची जांभळी, माउसची हिरवी. एकदा जमलं की तेच डोळे मिटून. "टेबलाखाली अंधारच असतोय. हाताला कळलं पायजे," हे त्यांचं म्हणणं. जांभळी आणि हिरवी ही दोन्ही तोंडं गोल, आत सुईसारख्या पिना. मी ताकद लावली की ते लगेच म्हणायचे, "जोर लावू नगं. जोर लागला म्हंजी जागा चुकली." हे वाक्य मी नंतर स्वयंपाकघरात, शेतात आणि सासूबाईंच्या बाबतीतही वापरून पाहिलं. सासूबाईंच्या बाबतीत उपयोग झाला नाही.

मशीन चालू झाल्यावर दुसरा नियम. तात्या तुमच्या माउसला हात लावायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधून शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय लिवलंय ते वाच. मोठ्यानं. मग बोट हालव." स्क्रीनवर काहीही आलं की ते आधी वाचायचं. इंग्रजी असलं तरी अक्षर अक्षर लावून वाचायचं. सहा-सात बायका आणि तीन-चार म्हातारे एकदम "फाईल... सेव्ह... कॅन्सल" असं घोकताना ऐकून पुढच्या खोलीत पेपर वाचणारे लोक हसायचे. पण त्या वाचण्यानं माझं कल्याण झालं. तोवर मी स्क्रीनवर चौकट उगवली की घाबरून कुठंही बोट मारायचे. एकदा तर मशीन बंद करायचं म्हणून मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. तात्या शांतपणे म्हणाले, "भाकरी तव्यावर असताना चूल इझिवती का तू?" मी म्हटलं, न्हाय. "मग आधी भाकरी उतरव." तेव्हापासून आजवर मी मशीन रीतसरच बंद केलं आहे.

आणि खंडेनवमी! ती सांगितल्याशिवाय तात्या कळायचे नाहीत. आमच्यात खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पुजतात. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळं. मी वर्गात नवी होते, उत्साह उतू चालला होता. सगळ्यांच्या आधी जाऊन मी चारही कीबोर्ड सोडवले (वायरी काढता येत होत्या, त्याचाच तोरा), मागच्या नळावर नेले आणि साबण लावून स्वच्छ घासले. फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं आणि वाट बघत बसले. तात्या आले. उंबऱ्यातच त्यांना साबणाचा वास आला असावा. "किती धुतलं?" त्यांनी विचारलं. मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं, "चारी!" ते खाली बसले. एक कीबोर्ड उचलून तिरका केला, आतून पाणी गळलं. मग म्हणाले, "सीपीयू राहिला व्हय?" मी म्हटलं, "तो जड हाय, तुमी आल्यावर दोघं मिळून न्यावा म्हटलं." यावर ते जे हसले ते थांबेनात. कीबोर्ड उलटे करून तीन दिवस उन्हात ठेवले. त्याआधी त्यांनी माझ्याकडून एकूण एक बटण उचकटून घेतलं, आतलं पाणी टिपायला लावलं आणि वाळल्यावर ती सगळी बटणं मलाच जागच्या जागी बसवायला लावली. दोन कीबोर्ड वाचले, दोन गेले. मला मात्र कुठलं बटण कुठं ते जन्माचं पाठ झालं.

दोन वर्षांत मी त्यांच्या हाताखाली शिकवू लागले होते. एके दुपारी डबा विसरला म्हणून वर्गात परत आले, तर तात्या एक नंबरच्या मशीनला नाक लावून बसलेले. स्क्रीनवर फक्त दोन शब्द होते, दुकानाच्या पाटीएवढे. अक्षरं मोठी करायची सोय असते तिनं त्यांनी ती वाढवता येतील तितकी वाढवली होती. मी दारातच थबकले. "कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी समोर उभी होते आणि ते मला विचारत होते. मी नाव सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ये, बस." मग त्यांनी सांगितलं. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, हे वाढत जाणार, परतायचं नाही. "कडंचं दिसतंय, मधलंच न्हाय. तुझ्याकडं बघितलं की तुझं कान दिसत्यात, तोंड न्हाय दिसत." म्हणूनच ते रस्त्यानं नीट चालायचे आणि कुणाला संशय यायचा नाही. म्हणूनच ते आम्हाला मोठ्यानं वाचायला लावायचे का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता वाटतं, निम्मं त्यासाठी असेल आणि निम्मं आमच्यासाठी. "कुनाला सांगू नगं," ते म्हणाले. "जगन्नाथरावाला कळलं तर उद्यापास्नं घरी बस म्हनंल. घरात कोन हाय माझं?" जगन्नाथराव म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. मी शब्द दिला.

मग वर्षभर आमचा एक कार्यक्रम चालला. वर्गाच्या आधी मी एक नंबरच्या मशीनची सेटिंग जागेवर आणायची, म्हणजे अक्षरं लहान, माउसचा बाण लहान, काळा केलेला स्क्रीन परत पांढरा. वर्ग सुटला की सगळं पुन्हा त्यांच्यासाठी मोठं करून ठेवायचं. एकदा मी विसरले. वर्ग भरला, मशीन लागलं आणि स्क्रीनवर ढब्बू अक्षरं. म्हातारे हबकले, "तात्या, ह्ये बिघडलं वाटतं!" तात्या म्हणाले, "बिघडायला काय झालं? आज ह्येच शिकायचं हाय." आणि त्यांनी सगळ्यांना अक्षरांचा आकार कसा वाढवायचा, बाण कसा जाड करायचा, उजेड कसा कमी करायचा, हे ओळीनं शिकवलं. त्या दिवशी उघड झालं की वर्गातल्या अर्ध्याअधिक लोकांना आजवर धड दिसतच नव्हतं, लाजेनं कुणी बोललं नव्हतं. हौसाबाई म्हणून साठीच्या एक बाई आहेत, त्या तर म्हणाल्या, "आत्ता गं बया, ह्ये आधी का न्हाय सांगितलं?" तात्या हात पाठीमागं बांधून गालात हसत होते. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

नंतरचा दिवस मात्र लिहायला जड जातो. सीपीयूच्या पाठीत, करंटची वायर बसते तिच्या शेजारी, जुन्या मशीनला एक बारका लाल खटका असतो. एका बाजूला असला तर आपल्याकडच्या करंटसाठी, दुसऱ्या बाजूला सरकला तर परदेशातल्या निम्म्या करंटसाठी. त्याला कुणी कधी हात लावत नाही. तात्या दर आठवड्याला ब्रशनं धूळ काढायचे, आणि ब्रशच्या धक्क्यानं तो खटका सरकला नाही ना, हे त्यांच्या मागून मी बघून घ्यायचे. त्या दिवशी आमच्या टोमॅटोची गाडी भरायची होती, मला यायला उशीर झाला. मी दारात पाऊल टाकलं आणि हौसाबाईंनी तीन नंबरचं बटण दाबलं. फाडकन आवाज झाला, सीपीयूच्या पाठीतून धूर आला. हौसाबाई खुर्चीसकट मागं पडल्या. लागलं काही नाही, पण त्यांनी त्या मशीनला ज्या शिव्या घातल्या त्या इथं छापता येणार नाहीत.

जगन्नाथराव पुढच्या खोलीतून धावत आले. "कुनी केलं ह्ये?" तात्या म्हणाले, "माझ्या हातनं झालं." जगन्नाथरावांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आरं तात्या, जलमभर वायरमन तू, आन् तुला लाल खटका दिसला न्हाय?" आणि मी म्हणाले, "त्यांना दिसत न्हाय. वरीस झालं, त्यांना काय बी दिसत न्हाय."

तात्यांनी मान जराशी तिरकी केली आणि मला कडेनं पाहिलं. माणूस नीट बघायचा असला की ते तसंच बघायचे. मग खुंटीवरची टोपी चाचपून घेतली आणि निघून गेले.

मी का बोलले? आजवर मी लोकांना सांगत आले की हौसाबाईंना काही झालं असतं तर, तात्यांनाच शॉक बसला असता तर. ते खोटं नाही. पण हा लेख तात्यांवर आहे, म्हणून पुरतं खरं लिहिते. मला तो वर्ग हवा होता. मला चांगलं शिकवता येत होतं, आणि लोक मात्र "तात्यांचा वर्ग" म्हणायचे, हे मला टोचायला लागलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी जगन्नाथरावांनी वर्ग माझ्याकडे दिला आणि मी नको म्हणाले नाही.

महिनाभर तात्या फिरकले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत जाऊन परत आले. मग एका सोमवारी ते दारात उभे. स्वच्छ सदरा, हातात नवी वही. वर्ग एकदम उठून उभा राहिला. "बसा, बसा. शालन, नाव लिवून घे," ते म्हणाले, "नवीन हाय मी." मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. त्यांना न बघता कॉम्प्युटर वापरायला शिकायचं होतं. स्क्रीनवर जे येईल ते मशीननं वाचून दाखवायचं अशी सोय असते, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून ते शोधलं. चार नंबरच्या मशीनवर मराठी वाचणारा आवाज बसवायलाच आठवडा गेला. तो आवाज असा, की परमुलखातला पाव्हणा सासुरवाडीत येऊन मराठी बोलतोय. तात्या म्हणाले, "चालंल. सवय झाली की आपलाच वाटंल."

पहिल्या दिवशी ते अडखळले आणि माझा हात आपसूक त्यांच्या कीबोर्डकडे गेला. "हात मागं," ते म्हणाले. मी हात पाठीमागं बांधले. तिथून पुढं दीड वर्ष ते रोज यायचे. पंधरा दिवसांत म्हणाले, "ह्यो स्क्रीन काढ. मला त्येचा काय उपेग? दुसऱ्या कुनाला तरी हुईल." मी निळी वायर सोडली आणि स्क्रीन तीन नंबरला दिला, ते मशीन दुरुस्त होऊन आलं होतं पण त्याचा स्क्रीन जुना झाला होता. त्यानंतर तात्या नुसत्या भिंतीसमोर बसून टाइप करायचे आणि ऐकायचे. वाचनालयात येणारे नवखे लोक दारातून बघून एकमेकांना खुणा करायचे. तात्यांना त्याची गंमत वाटायची. ते मुद्दाम भिंतीकडे बघून हसायचे.

त्या दीड वर्षात मी किती वेळा तोंड उघडलं असेल. "तात्या, त्या दिवशी मी..." एवढं म्हणायची, आणि ते म्हणायचे, "आधी कामाचं बोल." इंदापूरला जायच्या आदल्या दिवशीही तसंच. त्यांना दम लागत होता, रोहिणी न्यायला आली होती. मी म्हटलं, "तात्या, मला एक इचारायचंय." ते म्हणाले, "त्या चार नंबरची तारीख रोज मागं जातीया. आतला शेल गेलाय. गोल, आठान्यायेवढा असतोय, बारामतीस्नं आन." हे आमचं शेवटचं बोलणं. मी बारामतीहून शेल आणला, बसवला. तारीख जागेवर आली. तात्या परत आले नाहीत.

दहाव्याला मी बारामतीला एसटी बदलून इंदापूरला गेले. रोहिणी म्हणाली, मामा तुमचं नाव घ्यायचे. मी विचारलं, कसं घ्यायचे? तिला प्रश्न कळला नाही. म्हणाली, "कसं म्हंजी? शालन आसं, शालन तसं."

गेल्या आठवड्यात वर्गात एक नवीन बाई आल्या, कन्हेरीहून सांगवीला सून म्हणून आलेल्या. मशीन कमी पडत होतं. चार नंबरला पुन्हा स्क्रीन लावायचा आणि तात्यांचं खातं पुसून तिथं त्यांचं उघडायचं, असं ठरवलं. पुसायच्या आधी आत रोहिणीला देण्यासारखं काही आहे का बघावं, म्हणून वर्ग सुटल्यावर मी स्क्रीन जोडून मशीन लावलं. तात्यांच्या नावावर गेले तर पासवर्ड मागितला. तात्यांनी पासवर्ड ठेवला आहे हेच मला ठाऊक नव्हतं. काहीतरी टाकून पाहिलं. चुकलं.

पासवर्ड विसरला तर आठवण व्हावी म्हणून खातं उघडताना एक ओळ लिहून ठेवता येते. चुकलं की ती ओळ समोर येते. मी वर्गात सगळ्यांना सांगते, तिथं असं लिहा की फक्त तुम्हाला उमजेल. तात्यांचीही ओळ आली, आणि स्पीकर चालू होता, त्यामुळे मी वाचायच्या आत त्या परमुलखातल्या आवाजानं ती सांगितली.

"शालनला माहीत हाय."

हे खातं त्यांनी वर्गात परत आल्यावर उघडलं होतं. म्हणजे मी त्यांचं गुपित फोडल्यानंतर. मी खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडले, फोन आला त्या दिवशी रडले नव्हते एवढी. मला तो पासवर्ड माहीत नाही. तात्यांनी मला तो कधीच सांगितला नाही. सांगायचा राहिला असेल, किंवा सांगितल्यासारखाच आहे असं त्यांना वाटत असेल.

कन्हेरीच्या बाईंना मी माझ्या मशीनवर बसवलं. चार नंबरचं खातं तसंच आहे. माझ्या खात्यातून ते काढून टाकायला दोन मिनिटं पुरतील, पण मी काढत नाही. रोज वर्गाच्या आधी खोली झाडून झाली की मी ते मशीन लावते, एक चुकीचा पासवर्ड टाकते आणि ऐकत बसते.